रिपोर्टमधली स्नायूची ओळ

दुखणं काहीच नव्हतं, फक्त लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली, ती दुर्बिणीतून खरवडून काढली. बायोप्सीत कॅन्सर आला: टी-वन, हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक प्रकारच्या पेशींचा. टी-वन म्हणजे गाठ अस्तराखालच्या थरापर्यंत पोचली होती, त्याखाली मूत्राशयाचा स्नायू असतो. नातेवाईक म्हणाले, लवकर सापडलं, सुटलास.

युरॉलॉजिस्ट मॅडमनी मात्र रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: पाठवलेल्या तुकड्यांत स्नायू आढळला नाही. तपासायला स्नायूच मिळाला नसेल, तर कॅन्सर त्यात शिरलेला नाही हे कशावरून म्हणायचं? त्याच जागी पुन्हा खरवडावं लागणार होतं. मी हादरलो. पहिलं ऑपरेशन नीट झालं नाही का, असं विचारलंही. टी-वनमध्ये पहिल्या खेपेला गाठीचा अंश मागे राहणं नवीन नाही, म्हणून २ ते ६ आठवड्यांत दुसऱ्यांदा बघतातच, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. दुसऱ्या वेळी स्नायू मिळाला. स्वच्छ होता. त्या रात्री मी खूप दिवसांनी नीट झोपलो.

पुढच्या धोक्याचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला. गाठी किती, ३ सेंटीमीटरहून मोठी आहे का, आधी कधी होऊन गेली आहे का, सोबत सीआयएस, म्हणजे अस्तरातच पसरणारा चपटा हाय ग्रेड कॅन्सर आहे का, वय ७० च्या पुढे आहे का. माझी गाठ एकच, पण मोठी, सीआयएस नाही. धोके दोन आणि ते वेगळे: परत उगवणं आणि खोल जाणं. लो ग्रेड टी-ए, म्हणजे अस्तरापुरताच राहिलेला सौम्य प्रकार, परत परत येतो, पण खोल क्वचितच जातो. माझ्या प्रकारात भीती खोल जाण्याची. हे आधीच कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

म्हणून बीसीजी. लहानपणी टोचतात तीच लस, इथे कॅथेटरने मूत्राशयात सोडतात. आठवड्याला एक असे सहा डोस. दर वेळी सुमारे दोन तास लघवी धरायची, नंतर जळजळ आणि कणकण. सिगारेट कायमची सुटली. ती चालू ठेवली तर गाठ परत येण्याची शक्यता वाढते.

तीन महिन्यांनंतरच्या पहिल्या दुर्बिणीत काय दिसतं यावर पुढचा अंदाज बराच ठरतो, असं मॅडम म्हणाल्या होत्या. माझी स्वच्छ निघाली. आता मेंटेनन्सचे, म्हणजे परिणाम टिकवण्यासाठीचे, बीसीजी डोस सुरू आहेत, ते तीन वर्षांपर्यंत चालतील. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की स्नायूची ओळ आधी शोधा आणि डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.