लंडनला एकच दिवस आहे? मग एकच तिकीट काढा

"अमेरिकेला जाताना लंडनला एक दिवस थांबतोय. काय काय बघून होईल?" हा मेसेज मला वर्षभर येत असतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत जरा जास्तच. कधी कॉलेजच्या मैत्रिणीचा, कधी मावशीच्या व्याह्यांचा. सोबत बहुतेक वेळा यादीही असते: बिग बेन, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाँ, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम, ऑक्सफर्ड स्ट्रीट, आणि शेवटी "जमलं तर ग्रीनिच".

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवस एक असेल तर तिकीट काढून आत जायचं ठिकाणही एकच ठेवा. बाकीचं लंडन बाहेरून बघा, पायी, थेम्सच्या कडेकडेने. आत शिरलं की बॅगा तपासायची रांग आली, तिकिटाची रांग आली, आतल्या दालनांची रांग आली. दोन-तीन तास कुठे गेले कळत नाही. अशी तीन ठिकाणं केलीत तर तुम्ही लंडन बघितलंच नाही, लंडनमधल्या तीन इमारतींच्या आत जाऊन आलात. मधला सगळा प्रवास जमिनीखालून, बोगद्यातून. आणि ह्या शहराची खरी शोभा उघड्यावर, फुकट आहे.

आधी व्हिसाचं बघा, कारण घोळ तिथेच होतो. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. युरोपच्या टूरसाठी काढलेल्या व्हिसावर पॅरिसहून युरोस्टार रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांत लंडन गाठता येत असलं तरी तो व्हिसा इथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा लागतो. अमेरिकेचा व्हिसा असलेल्यांना जाता-येता विमानतळाबाहेर पडायची सवलत काही अटींवर मिळते, पण निर्णय खिडकीमागच्या अधिकाऱ्याचा. त्या सवलतीच्या भरवशावर तिकिटं आगाऊ काढू नका.

दुसरी गोष्ट महिन्याची. जूनमध्ये इथे रात्री नवानंतर सूर्य मावळतो. तुमचा दिवस सोळा तासांचा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच मावळतो. दोन्हीला आपण 'एक दिवस'च म्हणतो, पण हिवाळ्यात येणाऱ्यांनी मी खाली सांगतेय त्यातला निम्मा भाग सोडून द्यायची तयारी ठेवावी.

आता ते एक तिकीट कशाचं? माझं मत टॉवर ऑफ लंडन ह्या जुन्या किल्ल्याला. वेस्टमिन्स्टर ॲबी सुंदर आहे, सेंट पॉल्स त्याहून सुंदर, पण आपल्याकडून आलेल्या माणसाला टॉवर सोडून परत जाताना चुटपुट लागतेच, आणि त्याचं कारण एकच: कोहिनूर. तिकीट महाग आहे, पस्तीस पौंडांच्या आसपास. ते आधीच ऑनलाइन काढा आणि दार उघडायच्या वेळी हजर राहा. बहुतेक दिवशी नऊला उघडतं, रविवार-सोमवारी दहाला. आत गेल्यावर कावळे, तोफा, लाल-निळ्या वेषातले रखवालदार ह्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही, थेट ज्युएल हाउस, म्हणजे राजघराण्याचे मुकुट ठेवलेली इमारत, गाठायचं. अकरा वाजले की तिथली रांग अंगणभर पसरते. कावळे कुठे पळून जात नाहीत, त्यांचे पंख थोडे कापलेले असतात.

मुकुटांच्या काचेच्या कपाटांशेजारी सरकता पट्टा आहे. त्यावर उभं राहायचं, आणि तोच तुम्हाला मुकुटांसमोरून पुढे नेतो. थांबून टक लावून बघायची सोय नाही, पण उतरलं की मागे वळून पुन्हा चढायला कुणी अडवत नाही. माझे एक काका असे फिरून फिरून चढत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हा एवढासाच?" एवढासाच आहे खरा. 1849 मध्ये लाहोरच्या तहाने पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीप सिंगाकडून तो घेतला गेला, तेव्हा 186 कॅरटचा होता. लॉर्ड डलहौसीने स्वतः तो मुंबईपर्यंत आणला आणि 1850 मध्ये मुंबई बंदरातून तो जहाजाने इकडे निघाला. 1852 मध्ये इथे त्याला पुन्हा पैलू पाडले, आणि उरला साधारण 105 कॅरट. 1937 साली घडवलेल्या, आत्ताच्या राजाच्या आजीच्या मुकुटात तो बसवलेला आहे.

मग पांढरा बुरूज बघा. विल्यम द कॉन्करर ह्याने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला व्हाइट टॉवर तो हाच. रखवालदारांची फेरी तिकिटातच धरलेली असते. गोष्टी रंगवून सांगतात, इंग्रजी भराभर असलं तरी हातवाऱ्यांवरून कुणाचं मुंडकं उडालं ते कळतं. बाराच्या सुमारास बाहेर पडा.

बाहेर पडलं की समोर टॉवर ब्रिज. ह्यालाच अर्धं जग लंडन ब्रिज समजतं. खरा लंडन ब्रिज पुढचा, सरळ, काँक्रीटचा, 1973 साली खुला झालेला, त्याचा फोटो कुणी काढत नाही. त्याच्या आधीचा दगडी पूल 1968 मध्ये एका अमेरिकन उद्योगपतीला विकला होता. तो दगड दगड सुटा करून नेला आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभा केला. टॉवर ब्रिज मात्र 1894 पासून जागचा हललेला नाही, फक्त मधून उघडतो, वर्षाकाठी आठशेच्या आसपास वेळा. कधी उघडणार त्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. ते बघून ठेवा, वेळ जुळली तर पैसे न देता तमाशा.

पूल ओलांडून दक्षिण काठावर आलात की खरा दिवस सुरू होतो. इथून वेस्टमिन्स्टरपर्यंत नदीला धरून चार-साडेचार किलोमीटर आहे, रस्ता ओलांडावा लागतो तो अगदी थोड्या ठिकाणी. चालवत नसेल तर टॉवरजवळच्या धक्क्यावरून बोट आहे, अर्ध्या तासात वेस्टमिन्स्टरला सोडते. तुमचे आई-बाबा बरोबर असतील आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर बोटच घ्या, उगाच ईर्षेने चालू नका. चालणाऱ्यांसाठी वाटेत बाकं आहेत. स्वच्छतागृहं टेट मॉडर्नमध्ये आणि साउथबँक सेंटरमध्ये, फुकट. ही माहिती गाइडबुकात शेवटच्या पानावर असते आणि प्रवासात सगळ्यात आधी लागते.

जेवण बरो मार्केटमध्ये. सोमवारी तो बंद असतो, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण आधी सगळा बाजार एकदा फिरून घ्या. पहिल्याच गाळ्यावर पैसे संपवलेले लोक मग चीजच्या गाळ्यासमोर हळहळताना दिसतात.

पुढे शेक्सपिअरचं ग्लोब. मूळ नाटकघर नव्हे, 1997 मध्ये त्याच्यासारखं उभारलेलं, पण छप्पर गवताचं आहे. 1666 च्या आगीत शहर जळाल्यानंतर लंडनमध्ये गवताच्या छपराला परवानगी मिळाली ती ह्याच इमारतीला पहिल्यांदा. लगोलग टेट मॉडर्न, म्हणजे बंद पडलेल्या वीजकेंद्रात थाटलेलं कलादालन. इथे तिकीट नाही. चित्रांची आवड नसेल तरी टर्बाइन हॉलमध्ये शिरून उभे राहा, आणि मग समोरच्या मिलेनियम ब्रिजवर मध्यापर्यंत जाऊन सेंट पॉल्सचा घुमट बघून परत या. हा पूल 2000 साली उघडला आणि इतका डुलायला लागला की दोनच दिवसांत बंद करावा लागला, तो 2002 पर्यंत. आता डुलत नाही.

ते वीजकेंद्र जाइल्स गिल्बर्ट स्कॉट ह्या वास्तुविशारदाचं. पुढे लागणारा वॉटर्लू ब्रिजही त्याचाच, आणि ज्याच्याशेजारी उभं राहून सगळे फोटो काढतात तो लाल टेलिफोनचा खोकाही त्याचाच. पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला. पुरुष लढाईवर होते, म्हणून कामावर मोठ्या संख्येने बायका होत्या, पण उद्घाटनाच्या भाषणात आभार मानले ते फक्त पुरुषांचे. थेम्सवरचे बोटवाले मात्र त्याला बायकांचा पूलच म्हणत आले.

ह्या पुलाच्या पोटाखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. लांबच लांब टेबलं, त्यावर कणा वर करून रचलेली पुस्तकं, कोपऱ्यात जुने नकाशे आणि कोरीव चित्रांचे सुटे कागद प्लास्टिकमध्ये घातलेले. वर पूल असल्याने पावसातही टेबलं उघडी. त्या नकाशांच्या गठ्ठ्यात 'बॉम्बे'चा सात बेटांचा नकाशा मी हमखास शोधते.

चालताना नदीकडेही लक्ष असू द्या. थेम्सला लंडनमध्येही समुद्राची भरती-ओहोटी येते, पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. सकाळी टॉवरजवळ पाणी भिंतीला लागलेलं बघितलंत तर दुपारी साउथबँकला खाली चक्क वाळू उघडी पडलेली दिसेल, आणि पोरं त्यावर खेळत असतील. कोकणातल्या माणसाला ह्याचं काही वाटणार नाही, पुण्याची माणसं मात्र थबकतात.

शेवटी लंडन आय. त्यात बसू नका. खालून बघायला मोठं छान आहे, 135 मीटर उंच. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर या, पार्लमेंट आणि बिग बेनचे हवे तेवढे फोटो काढा, मग व्हाइटहॉलने ट्रॅफल्गर चौकापर्यंत पंधरा मिनिटांत पोचाल.

यादीतलं काय गाळलं? बकिंगहॅमचा पहारेबदल अकराचा, रोज नसतोही, आणि तासभर लोकांच्या टाळक्यांमागे उभं राहून अस्वलाच्या कातड्याच्या टोप्यांची वरची टोकं दिसतात. मादाम तुसाँबद्दल माझ्याशी वाद घालू नका. मेणाचे पुतळे लोणावळ्यालाही बघता येतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची दुकानं आता फिनिक्स मॉलमध्ये आहेत. वाघनखांचंही हल्ली बरेच जण विचारतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली ती वाघनखं 2024 मध्ये तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत ह्याचा पुरावा नाही, असं खुद्द म्युझियमच म्हणतं.

आता एका गोष्टीसाठी मात्र हा सगळा बेत मी स्वतः मोडते. कुणी म्हणालं की "आम्हाला बाबासाहेबांचं घर बघायचंय," तर टॉवर बाजूला. 10, किंग हेन्रीज रोड. जवळचं स्टेशन चॉक फार्म. 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास आणि बॅरिस्टरी दोन्ही चालू असताना. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. आतमध्ये स्मारक आहे; उघडं असण्याचे दिवस-वेळा आधी खात्री करून घ्या. रस्ता अगदी शांत, विटांची एकसारखी घरं. तिथून दहा मिनिटांत प्रिमरोज हिलची टेकडी आहे, वर गेलं की सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं. मग चॉक फार्महून ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, टॉटनहॅम कोर्ट रोड आणि चालत ब्रिटिश म्युझियम. त्याच्या मधल्या काचेच्या छताच्या चौकात गोल वाचनालयाची इमारत उभी आहे. बाबासाहेब सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत जिथे वाचत बसत ते हेच. आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पंही ह्याच म्युझियममध्ये आहेत. इथे तिकीट लागत नाही, म्हणजे तुमचं ते एक तिकीटही वाचलं.

प्रवासाचं थोडक्यात: बस-ट्यूबला वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं. पण माणशी एक कार्ड हवं, दोघांत एक चालत नाही. ट्यूबमध्ये जे कार्ड आत जाताना टेकवलंत तेच बाहेर पडताना. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना तेच कार्ड फोनमधून टेकवलंत तर यंत्राला तुम्ही दोन माणसं वाटता आणि दोघांकडून जास्तीचे पैसे कापले जातात. बसमध्ये रोख चालत नाही. हीथ्रो विमानतळाहून एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने लिव्हरपूल स्ट्रीटला पाऊण तासात याल, तिथून टॉवर पंधरा-वीस मिनिटं चालत. मोठ्या बॅगा विमानतळावरच्या सामानघरात ठेवून या, त्या ओढत नदीकाठी फिरणं म्हणजे शिक्षा आहे.

रात्री भात-वरणाची आठवण झालीच तर युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटला जा, भारतीय खानावळींची जुनी गल्ली आहे, भेळपुरी-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. विमान त्याच रात्रीचं असेल तर हे सोडा. नऊचं उड्डाण असेल तर साडेचारला तुम्ही हीथ्रोच्या गाडीत बसलेले हवेत, म्हणजे वेस्टमिन्स्टर ब्रिजवरून थेट स्टेशन. आणि मला मेसेज करताना यादीऐवजी तारीख आणि विमानाची वेळ पाठवा, बाकीचं मी सांगते.