तुम्ही विचारलंत म्हणून: काठी आता घ्यावी की आणखी थोडे दिवस थांबावं?

तीव्र संधिवाताने गुडघे, खुबे आखडलेल्या माणसांकडून आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून एक प्रश्न मला सतत येतो: ‘काठीची सवय लागली की पाय अधू होतात म्हणे. मग निभतंय तोवर काठीशिवायच निभवावं ना?’

नाही. निभवत बसू नका.

पाय अधू होतात ते न चालल्याने. सुजलेल्या गुडघ्याकडून जे संदेश जातात, त्यांच्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण जोर लावूच शकत नाही. दुखतं म्हणून माणूस आधी जिना टाळतो, मग बाहेर जाणं टाळतो, शेवटी खोलीतल्या खोलीत फिरणंही कमी करतो आणि तो स्नायू वाळत जातो. काठीने दुखणं थोडं जरी उतरलं तरी चालणं वाढतं. ब्राझीलमध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे झिजेच्या संधिवाताच्या ६४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या लोकांनी दोन महिने रोज काठी वापरली, आणि काठी न वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचं दुखणं कमी झालं. पहिल्या महिन्यात काठीने चालताना शक्ती जास्त खर्च होत होती, दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत तेही सावरलं. म्हणजे सुरुवातीला ‘काठीने उलट जास्तच दमायला होतं’ हे खरं असतं, पण ते टिकत नाही. मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम मात्र चालू हवेत. काठी त्यांची जागा घेत नाही.

लोक काठी टाळतात ती लाजेने, असं सगळे धरून चालतात. लाज असतेच. पण माझं मत असं की कोपऱ्यात पडलेल्या बऱ्याच काठ्या चुकीच्या मापामुळे आणि चुकीच्या हातात धरल्यामुळे तिथे पडलेल्या असतात. ज्या काठीने खांदा भरून येतो आणि पाय दुखायचा तसाच दुखतो, ती मनाने कशी स्वीकारायची? म्हणून आधी काठीच तपासू.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा किंवा उजवा गुडघा दुखतो, तर काठी डाव्या हातात. जवळजवळ प्रत्येकाचा हात आपसूक उलट जातो, कारण दुखतं तिथे टेकू द्यावा असं वाटतं. खुब्याचं गणित पहारीसारखं आहे. एका पायावर उभं राहिलं की शरीराचा भार खुब्याच्या सांध्यापासून आतल्या बाजूला, मध्यरेषेजवळ पडतो. त्याला तोलून धरणारे बाहेरच्या बाजूचे स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असतात, म्हणजे पहारीचं आखूड टोक त्यांच्या वाट्याला येतं. त्यांना भारापेक्षा कितीतरी जास्त ओढावं लागतं, आणि तो सगळा दाब सांध्यावर येतो. एका पायावर उभं राहताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट होतो. विरुद्ध हातातली काठी सांध्यापासून चांगली लांब टेकते, म्हणजे तिला पहारीचं लांब टोक मिळतं. तिथे थोडंसं रेटलं तरी स्नायूंचं ओढणं बरंच कमी होतं. त्याच बाजूच्या हातात धरलेल्या काठीला हा फायदा मिळत नाही, वर अंग त्या बाजूला झुकतं.

काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे जातात, मग चांगला पाय. काठी पावलाच्या थोडी बाहेर, साधारण वीतभराच्या आत टेकवावी. फार पुढे टेकवली की ती माणसाला ओढत नेते. दोन्ही गुडघे सारखेच दुखत असतील तर दोन काठ्या घ्याव्यात. यात संकोच करण्यासारखं काही नाही, उलट अंग सरळ राहतं.

आता उंची. रोज घालता ती पादत्राणं घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, नजर समोर. मनगटाच्या आतल्या बाजूला जी घडी दिसते, तिथे काठीच्या मुठीचा माथा यायला हवा. मूठ धरल्यावर कोपर साधारण १५ ते ३० अंशांत वाकतं. हे माप दुसऱ्याने घ्यावं. स्वतः वाकून बघायला गेलं की खांदा खाली जातो आणि माप चुकतं. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो, मान धरते. बुटकी झाली तर कंबर वाकते. लाकडी काठी असेल तर ती उलटी करून मूठ जमिनीवर टेकवायची, मनगटाच्या घडीशी खूण करायची आणि खालच्या रबरी टोपीच्या तळाची जाडी वजा करून कापायची. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीला साधारण अडीच सेंटीमीटरवर भोकं असतात. बटण भोकातून ‘टक’ आवाज करत पूर्ण बाहेर आलंय का ते बोटाने चाचपून बघा, आणि त्याखालची कडी घट्ट फिरवा. ती सैल राहिली की प्रत्येक पावलाला काठी खडखडते आणि त्या आवाजाने चालणाऱ्याचा विश्वास जातो.

रबरी टोपीकडे कुणी बघतच नाही. ती काढा आणि उलटी धरा. तळाला गोल खाचा दिसल्या पाहिजेत. खाचा एका बाजूला गुळगुळीत झाल्या असतील, कड फाटली असेल किंवा आतून धातू डोकावत असेल, तर ती आजच बदलायची. टोपीचा आतला व्यास काठीच्या नळीइतकाच हवा. सैल टोपी ओल्या फरशीवर काठीपासून सुटते. बाहेरून आल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावा. गुळगुळीत फरशीवर ओलं रबर काठीसकट सरकतं.

संधिवात हातातही असेल तर मूठ हा खरा प्रश्न होतो. छत्रीसारखी वाकडी मूठ बोटांनी आवळून धरावी लागते आणि सगळा भार तळहाताच्या एका पट्टीवर पडतो. त्यापेक्षा तळहाताच्या आकाराची रुंद मूठ घ्यावी, तिच्यावर भार पसरतो. ती डाव्या आणि उजव्या हाताची वेगळी असते. चुकीची घेतली तर तिचा उंचवटा नेमका अंगठ्याच्या मुळाशी रुततो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात असेल, मनगट सुजलेलं असेल, तर कुठलीही मूठ पुरेशी नाही. अशा वेळी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ज्यावर आडवा ठेवता येतो अशी पन्हळीची कुबडी किंवा तसाच वॉकर लागतो. खांदे सैल आणि कोपर काटकोनात असताना हात पन्हळीत नुसता टेकला पाहिजे. कोपराचं टोक मात्र पन्हळीच्या कडेवर दाबून ठेवू नका. तिथून एक नस जाते, ती दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर होतं.

काखेतल्या कुबड्या मी संधिवाताच्या माणसाला सहसा सुचवत नाही. भार हातांवर घ्यायचा असतो आणि कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहायला हवा. पण हात दुखले की माणूस काखेवर लोंबकळतो, आणि काखेतली नस दाबून मनगट लुळं पडू शकतं.

जिन्यासाठी एवढंच लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. कठडा असेल तर एक हात कठड्यावरच.

काठीने पाय डगमगायचे थांबत नसतील तर वॉकर. त्याची उंचीही मनगटाच्या घडीवरूनच. वॉकर हातभर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. पाऊल पुढच्या आडव्या दांडीला लागेल इतकं आत जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तोल मागे जातो. उचलून ठेवणं मनगटांना झेपत नसेल तर पुढे दोन चाकं असलेला घ्या. चार चाकांचा, बसायची जागा असलेला वॉकर लांब चालायला उत्तम, पण त्याचे ब्रेक सायकलसारखे बोटांनी आवळावे लागतात. बोटं वाकडी झाली असतील तर खाली दाबून लागणारे ब्रेक मागा. बसण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचेच. आणि खुर्चीतून उठताना वॉकरला धरून ओढू नका, तो अंगावर येतो. खुर्चीच्या हातांवर रेटून उठा, उभं राहिल्यावर वॉकर धरा.

व्हीलचेअरचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. आता सगळं संपलं, असा तिचा अर्थ घेतला जातो. मला हे फार वाईट वाटतं, कारण याच भीतीपोटी माणसं लग्नकार्याला, बागेत, नातवंडांच्या शाळेत जाणं सोडतात. संधिवात दिवसभर एकसारखा नसतो. आमवातात सकाळचा ताठरपणा तासभर किंवा जास्तही टिकतो, दुपारी सांधे मोकळे होतात. सकाळी वॉकर, दुपारी काठी, लांबच्या पल्ल्याला खुर्ची, असं एकाच माणसाचं एकाच दिवसात चालू शकतं. काल व्हीलचेअरवर होतात आणि आज चालताय, यात खोटेपणा काही नाही. लोक टोकतील, त्यांना हेच सांगा.

खुर्चीचं मापही बघून घ्यायचं. बसल्यावर दोन्ही बाजूंना हात सरकेल एवढी जागा, गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटांचं अंतर. फार रुंद खुर्चीत चाकापर्यंत हात पोचवताना खांदे फाकतात. खांदे, मनगटं दुखत असतील तर स्वतः चाकं ढकलण्याचा अट्टहास नको. दुसऱ्याने ढकलायची किंवा विजेवर चालणारी खुर्ची बघावी. टायर हवेचे असतील तर दर आठवड्याला हवा तपासा. ब्रेकची दांडी टायरवरच दाबून बसते, हवा कमी झाली की ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. बऱ्याचदा उतरतानाच्या पडण्याचं कारण हेच असतं, नाहीतर पायपट्ट्या वर न करता त्यांवरच उभं राहणं. तसं केलं की खुर्ची पुढे कलंडते.

एक गोष्ट मात्र साधनाने सुटणार नाही. हातातून वस्तू निसटू लागल्या, पाय अचानक जड झाले, मानेतून झटका जातोय असं वाटलं, तर काठी बदलत बसू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा. आमवातात मानेचे मणके सैल होऊन मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.

घरच्यांसाठी एवढंच. चालणाऱ्याचा काठीचा हात धरू नका, त्याने त्याचा आधारच जातो. दुसऱ्या बाजूने, अर्धं पाऊल मागे चाला. आणि आवराआवर करताना काठी किंवा वॉकर उचलून कपाटामागे ठेवू नका. रात्री बाथरूमला उठताना सांधे ताठलेले असतात, डोळ्यांत झोप असते. त्या वेळी वॉकर पलंगाच्या कडेला, उघडलेलाच आणि उठून बसल्यावर हात पोचेल इतक्या अंतरावर असू द्या.