वंगणाचे इंजेक्शन

आईच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी "वंगण संपले आहे" असे सांगितले आणि कुरकुरणाऱ्या बिजागरीत तेल सोडावे तसे एक इंजेक्शन घेतले की काम होईल, अशी आम्हा सर्वांची समजूत झाली. वास्तविक आईला असलेल्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्यांच्या झिजेच्या आजारात, हाडांच्या टोकांवरची कूर्चा (गुळगुळीत, लवचिक आवरण) झिजते, तिच्याखालचे हाड बदलते, सांध्याच्या अस्तराला सूज येते आणि मांडीचे स्नायू दुबळे होत जातात. यांपैकी वरून तेल घालून भरून येण्यासारखे काहीच नाही.

आईला प्रथम मिळाले ते वंगण नव्हतेच, तर ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड होते, 40 मिलिग्रॅम. ते अस्तराची सूज उतरवते, झीज भरून काढत नाही. तिसऱ्या दिवशी आई कठड्याला न धरता जिना उतरली. मात्र त्याच सुमारास तिची जेवणानंतरची साखर 300 च्या वर गेली. सांध्यात दिलेले स्टेरॉइड काही प्रमाणात रक्तात उतरते आणि मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस वाढू शकते, हे आधी एका वाक्यात सांगितले असते तर आमची ती रात्र घाबरण्यात गेली नसती.

आराम सात आठवडे टिकला. तेव्हा "दर तीन महिन्यांनी घेत राहू" असे आई म्हणाली, म्हणून मी थोडे वाचले. बॉस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्रात 140 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षे दर तीन महिन्यांनी हेच स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा नुसत्या सलाइनचे, म्हणजे औषध नसलेल्या मिठाच्या पाण्याचे, इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा अधिक झिजली आणि वेदनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. एखादे इंजेक्शन घेणे वेगळे आणि त्याचा रतीब लावणे वेगळे.

ज्याला खरोखर वंगण म्हणतात ते हायलुरॉनिक अॅसिड बरेच महाग असते. त्यातील काही उत्पादने कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात, हे कळल्यावर आमच्या माळकरी आईने तो विषय तिथेच संपवला. जिवाणूंपासून तयार केलेलेही मिळते. पण उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 मध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी हे इंजेक्शन देऊ नये असेच सांगितले असल्याने मीही आग्रह धरला नाही. स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट एकवटून केलेल्या पीआरपी या इंजेक्शनचा सध्या फार बोलबाला आहे, तरी ऑस्ट्रेलियातील 288 रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेरीस वेदनेच्या बाबतीत ते सलाइनपेक्षा सरस ठरले नाही.

माझ्या मते स्टेरॉइडचा खरा उपयोग त्या सात आठवड्यांतच होता. दुखणे कमी असताना गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा आणि खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम आईला जमू लागला, जो आधी वेदनेमुळे दोन मिनिटांत सुटत असे. अमेरिकेतील 156 रुग्णांच्या एका चाचणीतही वर्षभरानंतर फिजिओथेरपी घेणारे स्टेरॉइड इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरे होते.

आता दिवाळीनंतर सांधा बदलावा का, हा विचार सुरू आहे. इंजेक्शननंतर निदान तीन महिने ही शस्त्रक्रिया टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे दुसरे इंजेक्शन घ्यायचे की नाही हे आईला श्रावणाआधीच ठरवावे लागणार आहे.