ल्युप्रोलाइड चालू असताना इतर गोळ्या

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन दिले जाते. त्याने या कर्करोगाला वाढवणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दबते. मात्र सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत ते उलट वाढते, म्हणून अनेकदा जोडीला त्याचा परिणाम रोखणारी बायकॅल्युटामाइडची गोळी देतात. मेख या गोळीत आहे, कारण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णात ती वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकते, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वेळोवेळी तपासला नाही तर रक्तस्रावाचा धोका राहतो.

टेस्टोस्टेरॉन दबल्यावर ईसीजीतील क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांना विद्युत संदेशाने उत्तेजित होऊन पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबू शकते. अशा माणसाने घसा दुखतो म्हणून ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा मळमळते म्हणून ऑन्डॅन्सेट्रॉन परस्पर आणून घेणे धोक्याचे, कारण तीही हे अंतर वाढवतात. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असून पोटॅशियम घसरलेले असेल, तर हृदयाचा ठेका बिघडण्याची शक्यता आणखी वाढते. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय ॲझिथ्रोमायसिन द्यायला साफ नकार दिला, तेव्हा बाबा चिडले. मला मात्र तो माणूस तिथेच पटला.

या उपचारात रक्तातील साखरही वाढू शकते, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांना पुन्हा ठरवावा लागतो. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता सगळ्या औषधांची एकच यादी आहे आणि तीत इंजेक्शनची तारीख लाल शाईने लिहिली आहे, कारण ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर माणूस रोजच्या गोळ्या घडाघडा सांगतो आणि नेमके इंजेक्शन सांगायचे राहून जाते.