दगडावरचा उतारा

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या मंडपात उभे राहिले की मान आपोआप वर जाते. छताच्या मध्यातून एक दगडी कमळ खाली उमलत आलेले आहे. त्याच्या ७२ पाकळ्यांची संगती भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकरांशी लावली जाते. भोवतीचे कातीव खांब इतके घोटीव आहेत की दारातून येणारा उजेड त्यांच्या कंगोऱ्यांवरून उतरताना स्पष्ट दिसतो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचण याने वेणुग्रामात, म्हणजे आजच्या बेळगावात, इ. स. १२०४ च्या सुमारास रट्ट जिनालय बांधले; तेच हे मंदिर, असे मानले जाते. त्या जिनालयाला दिलेल्या दानाची नोंद करणारे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देवालय इथे आणि त्याची कागदपत्रे सातासमुद्रापार, ही गोष्ट मला दरवेळी बोचते.

कागदपत्रे हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. आपल्याकडे शेताचा उतारा ट्रंकेत, कापडात गुंडाळून जपतात आणि त्यातील एक अक्षर पुसट झाले तरी घरात काळजी सुरू होते. देवळासमोरचा शिलालेख हा त्या देवस्थानाचा उताराच आहे. कोणी, कधी, कोणत्या देवासाठी, किती जमीन दिली, तिच्या चतुःसीमा कोणत्या आणि हे दान मोडणाऱ्याला कोणते पाप लागेल, एवढे सगळे त्यावर कोरलेले असते. तरीही गावात जीर्णोद्धार निघाला की याच दगडावर ऑईल पेंटचा पहिला हात बसतो.

खानापूर तालुक्यातील हलशीचे उदाहरण घ्या. हे गाव म्हणजे बनवासीच्या कदंब राजांच्या काळातील पलाशिका. येथे सापडलेल्या ताम्रपटांत पाचव्या-सहाव्या शतकांतील राजांची दाने नोंदलेली आहेत, आणि त्यांतील मृगेशवर्म्याने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या काळात त्याच गावात भूवराह नृसिंहाचे मंदिर उभे राहिले. एकाच मंडपाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन गाभारे, अशी त्याची विलक्षण रचना आहे. मध्ये उभे राहिले तर एका देवाकडे पाहताना दुसऱ्याकडे पाठ होते, म्हणून भाविक थोडे तिरके उभे राहून दोघांनाही हात जोडतात. आमच्या भागातील शाळांच्या सहली रायगडाला आणि पन्हाळ्याला जातात, त्या जायलाच हव्यात; पण खानापूरपासून हाकेच्या अंतरावरील हलशी न पाहता मुले दहावी होऊन बाहेर पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर हे कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवून घेतले. ओळीने तीन गाभारे, पुढे लांब मंडप आणि छतांत पुन्हा तीच कमळे. विशेष म्हणजे हे मंदिर घडवणाऱ्या स्थपतीचे, तिप्पोजाचे, नाव शिलालेखामुळे आपल्यापर्यंत पोहोचले आहे. ज्या काळातील हजारो कारागीर निनावी राहिले, त्या काळातला एक माणूस नावानिशी आपल्यासमोर उभा राहतो, तो केवळ कोणीतरी ती अक्षरे जपली म्हणून.

या सीमाभागात दगडांवरची अक्षरे वाचण्याला आणखी एक कारण आहे. किल्ल्यातीलच सफा मशिदीच्या खांबांवर रट्ट आणि यादव काळातील लेख आहेत. कदंब, रट्ट, यादव, आदिलशाही, मराठे असे सगळे या मातीवरून गेले. कानडी आणि नागरी ही दोन्ही अक्षरे येथे शेजारी नांदली. आज आपण ज्या वादात वाढलो आहोत, त्याआधीचा शेकडो वर्षांचा व्यवहार या दगडांत आहे. मराठी माणसाने हा ठेवा परका समजून त्याकडे पाठ फिरवावी, असे काहीही त्यात नाही.

आता रंगाविषयी सविस्तर लिहितो, कारण खरे नुकसान तेथेच होते. दगड ओलावा शोषतो आणि सोडतो. आमच्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, पावसाळा मुसळधार असतो. ऑईल पेंटचा थर बसला की आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, त्यात विरघळलेले क्षार रंगाच्या आड साठतात, त्यांचे खडे बनतात आणि दोन-चार वर्षांत रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही सुटतो. मग कमिटी म्हणते, रंग खराब झाला, नवीन देऊया. काही ठिकाणी जुना रंग काढायला मशीनने वाळूचा मारा करतात, तेव्हा मूर्तीच्या दागिन्यांची धार आणि लेखाची अक्षरे एका दुपारीत गुळगुळीत होतात. जुन्या सांध्यांत सिमेंट भरले तर ते चुन्यापेक्षा कठीण आणि ताठर राहते आणि ताण आला की तडा दगडाला जाऊ शकतो. हे सारे करणारे लोक भक्तीनेच करतात, वर्गणीत घाम गाळलेला पैसा घालतात. त्यांना दोष देऊन हात झटकणे मला पटत नाही. ज्या भक्तीने सात-आठशे वर्षे दिवा लावत ठेवला, तिला योग्य माहिती वेळेवर मिळाली नाही, एवढेच खरे आहे.

संरक्षित स्मारकाजवळ फलक असतो. १९५८ च्या कायद्याप्रमाणे नुकसान करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, १०० मीटरच्या आत बांधकामास मनाई, त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी आवश्यक, हे त्यावरून कळते. हे नियम हवेतच. परंतु आत काय कोरले आहे, हे गावकऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा मजकूर तेथे क्वचितच आढळतो. शिलालेखाचा साधा सारांश कानडी आणि मराठी दोन्हींत लावला, तर पुढचा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कमिटीतीलच कोणीतरी हरकत घेईल, असा माझा विश्वास आहे.

मारुतीच्या देवळाशेजारी, तालमीच्या भिंतीला टेकून उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, तर बहुधा कोणत्याच यादीत नसतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे सोडवतानाचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, असा तो दगड खालून वर वाचायचा असतो. ज्यांच्या गावात असे दगड आहेत त्यांना माझी विनंती आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात चारही बाजूंनी त्यांचे फोटो काढा, कारण त्या उजेडात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. शेजारी पट्टी ठेवून माप टिपा, दगड नेमका कोठे उभा आहे ते लिहा आणि जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. रस्तारुंदीकरणात दगड हलवावाच लागला, तर त्याआधी एवढे काम झालेले असावे. तेल वाहण्याची प्रथा असेल तर ती बंद करा असे मी म्हणणार नाही. फक्त कोरलेल्या लेखाची बाजू तेवढी कोरडी राहू द्या.