बाई असल्याचा एक गुण

ईसीजीच्या पट्टीवर डॉक्टरांनी पेन टेकवून दाखवलं: दोन ठोक्यांमधलं अंतर कुठे दोन मोठे चौकोन, कुठे चार. कशाचा कशाला मेळ नाही. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात.

"मग रक्त पातळ करायची गोळी कधीपासून?" ह्यांनी लगेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, सध्या नाही.

आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेली असेल, तर पक्षाघाताच्या धोक्याचे गुणबिण मोजत बसायचं नसतं, वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम ही रक्त पातळ करायची गोळी घ्यावीच लागते. आपल्याकडे असे पेशंट आजही आहेत. माझी झडप ठीक निघाली, मग गुण मोजले. हार्ट फेल्युअर, बीपी, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांचा एकेक. वय 65 ते 74 असेल तर एक, 75 पासून दोन. आधी स्ट्रोक झाला असेल तर दोन. आणि बाई असाल तर एक! मी 57 ची, बीपी-शुगर काही नाही, तरी पहिल्या रिपोर्टवर माझ्या नावापुढे 1 होताच. युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी तो बाईपणाचा गुण काढून टाकला. (उशिरा का होईना.) आता माझे शून्य, आणि शून्याला गोळी नाही. कारण तिने रक्तस्राव व्हायची भीती असते आणि इथे तेवढा फायदा नाही.

जाऊबाईंना हे पटेना. भाऊजींच्या डब्यातली इकोस्प्रिन 75 ची स्ट्रिप घेऊन आल्या. "मोठी गोळी नको तर नको, निदान ही तरी घे." बऱ्याच घरांत असंच चालतं, आणि तिथेच घोळ होतो. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, ती या गुठळीला फारशी अडवत नाही, रक्तस्राव मात्र करू शकते. 2011 च्या ॲव्हेरॉस चाचणीत ॲपिक्साबॅन या रक्त पातळ करायच्या गोळीने ॲस्पिरिनपेक्षा स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले, आणि मोठे रक्तस्राव दोन्हींकडे साधारण सारखेच. म्हणजे गरज असेल तर खरी गोळी, नसेल तर काहीच नाही.

ठोके आवरायला मेटोप्रोलॉल चालू आहे. वजन उतरवायचंय, घोरण्याची तपासणी व्हायचीय. बीपी घरीच मोजते, कारण ते वाढलं की शून्याचा एक होतो. 65 लाही होणारच, तेव्हा गोळीचा विचार नव्याने करायचा.

स्ट्रिप भाऊजींच्या डब्यात परत गेली. त्यांना स्टेंट आहे, त्यांना ती लागतेच.