यूएस १२७ वरचा तो उतार

ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल पोकळ लागलं आणि थेट खालच्या पत्र्याला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अमेरिकेतल्या केंटकीत रसेल स्प्रिंग्जहून लिबर्टीकडे जाणारा रस्ता, समोर उतार, उताराच्या शेवटी वळण, आणि माझ्या बुडाखाली सहा टनांच्या आसपास वजनाचा अमेरिकन लष्करातून निवृत्त झालेला एम३५ए२ ट्रक.

टेनेसीतून उत्तरेला निघालो होतो, मिशिगनमधल्या लॅन्सिंगला. या ट्रकचं मूळ डिझाइन तिथल्या रिओ कंपनीचं. रॅन्सम ई. ओल्ड्स यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून रिओ. माझ्या ट्रकच्या पाटीवर तो बांधणाऱ्या एएम जनरल कंपनीचं नाव आणि १९७२ साल आहे, पण घराणं रिओचंच. त्याला एकदा माहेरी न्यायचं हे मनात बरेच दिवस होतं. यूएस १२७ हा एकच रस्ता थेट तिथवर जातो. इंटरस्टेटवर, म्हणजे वेगवान मोठ्या महामार्गांवर, मी जात नाही. ताशी पन्नास मैलांच्या पुढे या इंजिनाला पळवणं मला क्रूर वाटतं, आणि मागून येणाऱ्यांचे हॉर्न सहन होत नाहीत.

थोडं ब्रेकबद्दल, कारण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच आहे. मोठ्या मालट्रकांच्या ब्रेकमधली हवा गेली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप लागतात. याचं तसं नाही. इथे हवा फक्त पायाचा जोर वाढवते, चाक आवळण्याचं काम ऑइलच करतं. आणि सहाही ब्रेक ड्रमचं ऑइल एकाच सर्किटमध्ये. कुठेही एक होज, म्हणजे ऑइलची नळी, फुटला की सगळेच ब्रेक गेले.

मी गिअर खाली आणला, इंजिन ओरडलं, टर्बोची शिट्टी कान फाडायला लागली. मग हँडब्रेक. तो चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या ॲक्सलांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) शाफ्टवरच्या ड्रमवर असतो, उभी गाडी धरून ठेवण्यासाठी. दोन्ही हातांनी ओढावासा वाटत होता, पण एक हात स्टिअरिंगवर हवाच, कारण पॉवर स्टिअरिंग नाही. ब्रेकचं लायनिंग जळल्याचा वास केबिनमध्ये भरला. वळणाच्या अलीकडे एका शेताचं फाटक उघडं होतं. तिथे गवतात शिरलो आणि थांबलो. समोरून कुणी आलं असतं तर, हा विचार अजून रात्री येतो.

खाली वाकून पाहिलं. मागच्या ॲक्सलकडे जाणारा रबरी होज चिरला होता आणि जांभळं ऑइल गवतावर टपकत होतं. त्या होजवरच्या बारीक भेगा मी हिवाळ्यातच पाहिल्या होत्या. नवा होज विकतही घेतला होता. लष्करी पॅकिंगच्या तपकिरी मेणकागदात गुंडाळलेला, न उघडलेला, तो सीटमागे पडून होता. सहा महिने.

लोक ट्रकला हात लावून म्हणतात, ‘मिलिटरीची वस्तू, हिला काय होणार?’ आधी मला अभिमान वाटायचा, आता राग येतो. लष्कराच्या मॅन्युअलमध्ये तपासणीच्या याद्या आहेत: निघण्याआधी काय बघायचं, चालताना काय, थांबल्यावर काय. त्या याद्यांप्रमाणे रोज कुणीतरी गाडीखाली शिरत होतं, म्हणून ती टिकली. ड्रायव्हर, मेकॅनिक, सुट्या भागांचं कोठार, सगळं तिच्यामागे उभं होतं. आता त्या सगळ्यांच्या जागी मी एकटा आहे, आणि मी आळस केला.

फाटकातून एक म्हातारे शेतकरी ट्रॅक्टरवर आले. मला वाटलं, शेतात घुसल्याबद्दल बोलणार. त्यांनी डबक्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘कुठला होज?’ मग स्वतःचे पाने आणले. नवा होज बसवला. पण नळ्यांतल्या ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. ते वर बसले, मी खाली आडवा. ‘दाबा.’ ‘धरा.’ ‘सोडा.’ आधी एअरपॅक, म्हणजे हवेने पायाचा जोर वाढवणारा भाग, मग सगळ्यात लांबचं चाक, मग एकेक जवळचं. सुदैवाने सिलिकॉनच्या ब्रेक ऑइलचा डबा सोबत होता. साधं ऑइल त्यात मिसळत नाही, त्यामुळे वाटेतल्या दुकानातलं चाललं नसतं. शेवटच्या नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत त्यांचा पाय एकदाही माझ्या हाकेआधी सुटला नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत. इंजिन चालू केलं तेव्हा मडगार्डवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले, मग फाटक लावायला गेले.

ओहायो सपाट होता, पावसात गेला.

लॅन्सिंगमध्ये त्या भागाला अजून रिओ टाउन म्हणतात, पण कारखाना नाही. त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला १९७८ मध्ये आणि तो पाडला १९८० मध्ये. मला वाईट वाटलं, खूपच. इतक्या लांबून आणल्यावर ट्रकला दाखवायला एक भिंतसुद्धा नव्हती. रस्त्याकडेला उभा करून इंजिन बंद केलं, टॉर्च घेतली आणि खाली शिरलो. नवा होज कोरडा होता. मग बाकीचे एकेक बोटांनी वाकवून पाहिले. पुढच्या डाव्या चाकाच्या होजवर एक भेग सापडली, नखाएवढी. तिथून हललो नाही. नवा होज मागवला, दोन दिवसांनी आला, बसवला, आणि मगच परत निघालो.